किनारपट्टीच्या भरवशावर भिजवलेले गहू

परभणीहून समुद्र गाठायचा तर एक रात्र आणि वर थोडी सकाळ लागते, तीही गाडी वेळेवर असली तर. त्यामुळे इकडं समुद्राची चौकशी करण्याचं कुणाला काही कारण नसतं. आमच्या माहितीतलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण. तरीही गेलं वर्षभर आमच्या घरात संध्याकाळचा चहा झाला की समुद्राची स्थिती वाचली जाते. लाटा किती उंच, वारा वायव्येकडून की नैर्ऋत्येकडून, मच्छीमारांनी आत जावं की नाही. जायला हरकत नाही असं लिहिलेलं असलं की माझा नवरा समाधानानं मान हलवतो आणि वर्तमानपत्र उघडतो. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. पाण्यापाशी जायचं तर कुणाची तरी परवानगी पाहिजे, ही त्याची आयुष्यभराची श्रद्धा आहे.

या सगळ्याचं कारण आमची लेक. किनाऱ्यावरच्या एका गावातल्या हवामान कार्यालयात ती नोकरीला आहे. लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना ती वारा कुठून येतो ते बोट ओलं करून बघायची आणि मग आपली गादी तिकडं ओढायची. पुढं जाऊन सरकार याचा पगार देईल, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी तिला बोट नीट धरायला शिकवलं असतं.

तिची नेमणूक झाली तेव्हा गल्लीनं सत्कार केला. गल्लीनं म्हणजे आमच्या अध्यक्षांनी. ते कशाचे अध्यक्ष आहेत हे नव्या माणसाला सांगता येत नाही. एका मंडळाचे होते, ते मंडळ बंद पडलं, पद राहिलं. कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. त्यात लेकीच्या मागं काळेभोर ढग होते आणि एक वीज थेट तिच्या कानाजवळ उतरत होती. खाली ‘परभणीच्या सुकन्येची आभाळाला गवसणी’ आणि त्याखाली तिच्या फोटोपेक्षा अंमळ मोठा अध्यक्षांचा फोटो. अध्यक्ष त्या दिवशी हवामानावर बोलले, शेतीवर बोलले, स्त्रीशक्तीवर बोलले, मग पुन्हा हवामानावर आले. शेवटी लेकीच्या हातात माईक आला. ती म्हणाली, “मी फक्त अंदाज सांगणार आहे. पाऊस पाडणारी मी नव्हे.” आणि खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण पुढच्या रांगेतले दोन शेतकरी जरा नाराज दिसले.

मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे गल्ली मला बाई म्हणते. लेकीचं शास्त्र मला कळत नाही, पण तिच्या खात्याचं मराठी मी रस घेऊन वाचते. त्यात एक वाक्य कायम भेटतं: तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य पडत्या पावसात खरं असतं आणि कडकडीत उन्हातही खरं असतं. मी लेकीला एकदा म्हटलं, “हे वाक्य म्हणजे कार्यालयाची छत्री आहे. उघडली काय, मिटली काय, साहेबाचं डोकं कोरडंच.” ती हसली. म्हणाली, “आई, ती छत्री आम्हाला रुजू होतानाच देतात.”

या मे महिन्यात तिचा एका रविवारी फोन आला. तिचे वरिष्ठ घरच्या लग्नासाठी रजेवर गेले होते आणि त्या पट्ट्याचा आठवड्याचा अंदाज लिहिण्याचं काम पहिल्यांदा तिच्या एकटीवर आलं होतं. दिवस मोठे वाईट निवडले होते त्यांनी. किनाऱ्यावर सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरत होता की गुरुवारी किनारपट्टीला जबरदस्त पाऊस झोडपणार. सोबत एक चित्र, कुठल्या तरी परक्या समुद्रातल्या वादळाचं. तिकडं हे मासळी वाळवायचे शेवटचे दिवस असतात. पावसाळा लागला की वर्षाची बेगमी संपली. कोळणींनी वाळूवर, बांबूंवर मासळी घालायची की भीतीपोटी ओलीच मिळेल त्या भावाला देऊन टाकायची, हा प्रश्न होता, आणि त्या बायका कार्यालयाच्या फाटकाशी येऊन तिलाच विचारत होत्या.

“मग तू काय लिहिलंस?” मी विचारलं.

“उष्ण आणि कोरडं. आठवडाभर. आकाश मुख्यतः निरभ्र.”

“आणि छत्री?”

“नाही घातली,” ती म्हणाली. “मुख्य कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले, ते वाक्य घालून टाका, त्यानं कुणाचं काय जातं. मी म्हटलं, जातं ना साहेब, ते वाक्य वाचलं की या बाया मासळी घालायच्या नाहीत. मी सगळं तीन-तीनदा बघितलंय, किनाऱ्यावर पाऊस नाही. मग म्हणाले, ठीक आहे, मंजूर, पण जबाबदारी तुमची.”

मंजुरी त्यांची आणि जबाबदारी दुसऱ्याची, ही पद्धत मला नवी नव्हती; मीही सरकारी शाळेतच होते. पण पुढचं तिनं ज्या सुरात सांगितलं तो सूर मला ओळखीचा होता. बारावीला गणिताचा पेपर अवघड गेला तेव्हा ती अशीच, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी बोलली होती. कार्यालयात कुणीतरी हसत हसत म्हणालं होतं, परभणीच्या मुलीला समुद्रातलं काय कळणार. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. गुरुवारी तिथं पाऊस पडला असता तर त्या बायकांची मासळी गेली असती आणि ते हसत म्हटलेलं वाक्य कागदावर गेलं असतं.

“तुला खात्री आहे ना?” नवऱ्यानं माझ्या खांद्यावरून विचारलं.

“अंदाज आहे, बाबा,” ती म्हणाली. “पण माझा आहे.”

तिनं फोन ठेवला. माझ्या मुलीनं एक वाक्य गाळलं होतं. आयुष्यभर मी पोरांच्या निबंधातली भरताड वाक्यं लाल शाईनं खोडत आले. कुणी ते शिकलं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि शिकलेलं माणूस आमच्याच घरात असेल असं तर मुळीच नाही.

अध्यक्षांना ही बातमी माझ्याकडून कळली नाही. नवरा सकाळी दूध आणायला गेला होता, एवढंच मी सांगते. नऊच्या आत गल्लीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश आला. वर दोन फुलं, मध्ये मजकूर: ‘आपल्या लेकीचा स्वतंत्र अंदाज जाहीर. संपूर्ण आठवडा उष्ण व कोरडा. आकाश निरभ्र. सर्वांनी निर्धास्त राहावे.’ किनारपट्टी हा शब्द त्यात होता, पण तो लेकीच्या हुद्द्याच्या ओळीत गेला होता आणि तिथं तो कुणी वाचला नाही.

आता यात एक अडचण होती. या वर्षी गल्लीच्या कुरडया राहिल्या होत्या. एप्रिलभर आभाळ भरून येत होतं. एरवी मेमध्ये आमच्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर बसतो आणि हललाच तर वर हलतो. टीव्हीवर कोकणात सदतीस अंश झाले, नागरिक हैराण, अशी बातमी लागली की आमच्याकडं लोक आवाज मोठा करून बघतात. सदतीसला आमच्या इथं लग्नाच्या पंगती उठतात. पण या वर्षी दर चार-आठ दिवसांनी ढग, आणि ढगाखाली कुरडई होत नाही. तिला एक आख्खा दिवस भाजणारं ऊन लागतं, दुसऱ्या दिवशी अजून थोडं. शिवाय गहू भिजवले की मागं फिरता येत नाही. तीन दिवस पाणी बदलत भिजवायचे, मग दळायचे, चीक काढायचा, तो बसू द्यायचा आणि सकाळी शिजवून घालायचाच. एकदा आंबट झालेला गहू दुसऱ्या कशाच्या कामाचा नसतो. म्हणून गल्लीतली कुठलीच बाई स्वतःच्या मनानं गहू भिजवत नाही. समोरच्या मावशींनी भिजवले की बाकीच्या भिजवतात.

मावशी मूळच्या झरीच्या. आपल्या कुरडया तळल्यावर ताटात मावत नाहीत, हे त्या स्वतःच सांगतात, म्हणजे दुसऱ्याला विसर पडायला नको. ग्रुपवरचा संदेश त्यांनी नातीकडून दोनदा वाचून घेतला आणि सरळ आमच्या दारात आल्या.

“बाई, मी गहू घातले बगा भिजू. पोरगीनं सांगितल्यावर आता कशाची वाट बघायची?”

“मावशी, तो अंदाज कोकणाचा आहे,” मी म्हटलं.

“आस्सं.”

“म्हणजे समुद्राकाठचा. आपल्याकडचा वेगळा असतो. आपल्याकडं गुरुवारी वादळी वाऱ्यासह पाऊस सांगितलाय.”

“कुणी सांगितलाय?”

“हवामान खात्यानं.”

“आन् आपली पोरगी कुठं हाय? हवामान खात्यातच ना? मंग खातं एकच हाय की.” मावशी पायरीवर बसल्या. “ह्ये पाऊस सांगणारं कोण हाय? कुणाचं पोरगं हाय? ठाव हाय का तुमाला?”

मला ठाऊक नव्हतं. मराठवाड्याचा अंदाज कुणीतरी जबाबदार माणूस लिहीत असणार, शिकलेला, डोळ्यात तेल घालून बसणारा. पण त्याची आई कोण, तो लहानपणी कुठल्या गच्चीवर झोपायचा, याची गल्लीला काहीच कल्पना नव्हती. त्याच्यावर विश्वास ठेवायला जागाच नव्हती.

“अहो, पण पाचशे किलोमीटर लांब आहे ते,” मी शेवटचा प्रयत्न केला.

“पोरगी लांब गेली म्हणून काय झालं,” मावशी म्हणाल्या, “आपलीच हाय न्हवं?”

त्या गेल्या आणि दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्या न्हाणीघरांत पातेली लागली. मी भूगोल शिकवलेला नसला तरी मला नकाशा कळतो. सह्याद्री मधे आहे हे मला माहीत आहे. कोकणातली हवा परभणीत येईस्तोवर तिचं काय होतं, हे मी लेकीकडूनच ऐकलेलं आहे. आणि तरी संध्याकाळी मावशींनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “बाई, तुमी न्हाई घातले?”, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आख्खी गल्ली त्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला आपापल्या दारात उभी आहे. आईच जर गहू भिजवत नसेल तर अंदाजाचं काय राहिलं?

“घालायलेय की आता,” मी म्हटलं. इतक्या वर्षांचं शाळेतलं मराठी अशा वेळी टिकत नाही.

नवरा स्वयंपाकघरात आला. मी गहू निवडत होते.

“आपल्याकडचा अंदाज वाचलास ना?” तो म्हणाला.

“वाचला.”

“मग?”

“मग काय. तिकडं पाऊस पडू नये म्हणून भिजवतेय.”

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “दोन किलो जास्त घाल.”

त्या तीन दिवसांत मी दोन आभाळं बघत होते. सकाळी उठून गच्चीवरून आमचं, आणि मग फोनवर तिचं. आमचं स्वच्छ होतं, नको तितकं. तिच्याकडं मंगळवारी दुपारी थोडे ढग आले. तिनं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे वरचे आहेत, काही करत नाहीत.’ मी तिला विचारलं, जेवलीस का? तिनं उत्तर दिलं नाही. बुधवारी सकाळी तिनं सांगितलं, कोळणींनी मासळी घातली. सगळ्यांनी नाही, अर्ध्यांनी. बाकीच्या अर्ध्या म्हणाल्या की गुरुवार जाऊ दे, मग बघू. “ज्यांनी घातली ना आई, त्यांच्या वाटेनं मी ऑफिसला जातच नाहीये. दुसऱ्या रस्त्यानं जाते.” कुरडयांबद्दल मी तिला काही बोलले नाही. तिच्या डोक्यावर एक किनारा होता, त्यात आमची गल्ली कशाला.

गुरुवारी पहाटे मावशींच्या गच्चीवर चुली पेटल्या. गच्ची त्यांची मोठी, म्हणून सगळ्यांचं तिथंच. मोठ्या पातेल्यात चीक शिजत होता, मावशी लाकडी दांड्यानं तो हाटत होत्या आणि कुणाला दांडा देत नव्हत्या. पोरांनी गरम चीक वाट्यांत घेऊन साखर-दूध घालून खाल्ला. जुन्या साड्या अंथरल्या, कडेला विटा ठेवल्या, आणि सोऱ्यातून कुरडया पडायला लागल्या. माझी कुरडई गोल येत नाही. ती कोणत्या तरी तालुक्याच्या नकाशासारखी येते. मावशींनी बघितलं आणि माझ्या साडीची जागा पाण्याच्या टाकीमागं करून दिली.

अध्यक्ष खाली खुर्ची टाकून बसले होते. कुरडयांत पुरुषांचं काही काम नसतं, पण मार्गदर्शन असतं. “भगिनींनो,” ते वर मान करून म्हणाले, “आज आपल्या लेकीच्या अंदाजाची कसोटी आहे.”

“कसोटी तिकडं हाय, अध्यक्ष,” मावशी वरून म्हणाल्या. “हितं फकस्त कुरडया हायत. जरा सरका, पाणी टाकायलेय.”

दहापर्यंत गच्ची पांढरी झाली. ऊन असं पडलं होतं की विटांना हात लावता येईना. अकराला कुरडयांच्या कडा पारदर्शक व्हायला लागल्या. माझ्याकडं बघून मावशींनी भुवया उंचावल्या, म्हणजे, बघा. मी फोन बघत होते. लेकीचा काही निरोप नव्हता.

दुपारी जेवणं झाली आणि जिंतूरच्या बाजूनं आभाळ काळं दिसायला लागलं. आधी कुणी तिकडं बघितलंच नाही. म्हणजे बघितलं, पण बघितल्याचं कबूल केलं नाही. पलीकडच्या सूनबाई म्हणाल्या, “मावशी, ढग यायलेत.” मावशी म्हणाल्या, “धूर आसंल कुठला.” मग गार वारा आला, त्याच्या मागं धूळ, आणि धुळीच्या मागं तो धूर गडगडला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. साड्यांची टोकं विटांसकट उचलली गेली. आम्ही कुरडया तशाच साडीत गुंडाळून जिन्याकडं पळत होतो. माझ्या हातात कुणाची तरी साडी होती आणि माझी टाकीवर फडफडत होती. थेंब आले ते एकदम मोठे आले. जिन्यात बायकांची आणि गाठोड्यांची एवढी गर्दी झाली की शेवटची तीन गाठोडी खाली आलीच नाहीत. पाऊण तासात सगळं संपलं. गल्लीतून पाणी वाहत होतं, आणि त्यात मधूनमधून एखादी कुरडई पोहत नालीकडं चालली होती.

मावशींच्या पुढच्या खोलीत आम्ही सगळ्या ओल्या जमलो होतो. गाठोडी उलगडली तर आत कुरडया राहिल्या नव्हत्या, गोळे झाले होते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि वाट बघत होते, आता कुणीतरी म्हणणार. लोकांचा गहू होता, तीन दिवसांची मेहनत होती, आणि भरवसा माझ्या मुलीच्या नावावर ठेवला होता. जे कुणी म्हणेल ते ऐकून घ्यायचं मी ठरवलं होतं. अध्यक्ष दारात छत्री मिटून उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

“ग्रुपवर एक खुलासा टाकावा म्हणतो,” ते म्हणाले. “काही तांत्रिक कारणास्तव अंदाजात—”

“काय बी टाकू नका,” मावशी म्हणाल्या. त्यांनी पदर पिळला आणि माझ्याकडं वळल्या. “बाई, फोन लावा तिला.”

“मावशी, चूक तिची नाही. मी सांगत होते की—”

“चूक म्हणायलंय कोण? लावा तर.”

मी फोन लावला. हात ओला होता, दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लेकीनं उचलला. मावशींनी तो माझ्या हातातून घेतला, आवाज मोठा करायला लावला आणि पावसात ओरडावं तसं ओरडून विचारलं, “पोरी, तुझ्याकडं पाऊस पडला का?”

“मावशी? नाही, मावशी.” लेकीच्या आवाजात काहीतरी सुटल्यासारखं झालं होतं. “एक थेंब नाही. सकाळी लांब समुद्रावर ढग होते, सगळे फोन करत होते, मुख्य कार्यालयातून तीनदा फोन आला. दुपारपासून एकदम लख्ख. बाया मासळी उलटायल्यात. मी आत्ता त्यांच्याच रस्त्यानं आले.”

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही की काही नाही. पलीकडच्या सूनबाईंनी ओल्या केसांचा अंबाडा घालायला घेतला. कुणीतरी “बरं झालं माय” म्हटलं. माझा नवरा दाराबाहेर होता. तो तिथंच पायरीवर बसला आणि चष्मा पुसायला लागला, जो पुसायला त्याच्याकडं कोरडं काहीच नव्हतं.

“आन् उद्या?” मावशींनी विचारलं.

“उद्याही कोरडं. शनिवारीही.”

“लिहिलंस तसंच झालं म्हण की.”

“आत्तापर्यंत तरी,” लेक म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. “मावशी, तिकडं काय?”

मावशींनी एकदा खोलीभर नजर फिरवली. फरशीवर पाणी, कोपऱ्यात गाठोडी, ओल्या साड्यांतल्या आम्ही.

“हिकडं? हिकडं लय ऊन हाय, पोरी,” त्या म्हणाल्या. “कावून गेलो बग ऊनानं.”

“मावशी,” लेक म्हणाली, “माझ्यासमोर पडद्यावर दिसायलंय. परभणीवर ढग होता तासभर. कुरडया घातल्या होत्या का?”

मावशींनी फोनकडं असं बघितलं, जणू त्यानं चहाडी केली. मग मात्र हसू आवरलं नाही त्यांना. “हितलं बी दिसतंय व्हय तुला तिथून? मंग आदी सांगायचं न्हाई?”

“माझ्याकडं तो भाग नाही ना. तिकडचा वेगळा अंदाज आला असेल की. वाचला नाही का?”

“वाचला आसता,” मावशी म्हणाल्या, “पर तुझा आल्यावर दुसऱ्याचा कशाला वाचायचा?”

मग ती म्हणाली, “आई आहे का तिथं?” मी म्हटलं, आहे. “आई, तू पण भिजवलेस?” मी म्हटलं, हो. “तुला नकाशा कळतो ना?” मी म्हटलं, कळतो. यावर तिनं नाक ओढल्याचा आवाज ऐकू आला. समुद्राकाठी दमट हवेनं सर्दी होते म्हणे.

त्या गोळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न मावशींनी लगेच सोडवला. वाळलेली कुरडई भिजवून तिची कांदा घालून भाजी करतातच. ही तर भिजलेलीच होती. सगळ्यांची गाठोडी एका मोठ्या कढईत रिकामी झाली, माझीही. आकाराचा भेद उरला नाही, हा त्यातला माझा एकटीचा फायदा. उजेड होता तोवर आम्ही मावशींच्या अंगणात ओळीनं ताटल्या घेऊन बसलो. अध्यक्षांनी दोनदा वाढून घेतलं आणि खुलासा टाकला नाही. त्याऐवजी त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं की किनारपट्टी कोरडी आहे. फुलं घातली, पण एकच. मला पहिल्यांदाच त्यांच्या लेखनात काही खोडावंसं वाटलं नाही.

पुढच्या गल्लीतले एक गृहस्थ सायकल हातात धरून चिखलातून चालले होते. ओट्यावर पडलेल्या ओल्या साड्या आणि रिकामी पातेली बघून ते थांबले. “मावशी, लय नुकसान झालं म्हणा की तुमचं.”

“नुकसान कशाचं,” मावशी म्हणाल्या. त्यांनी ताटलीतला शेवटचा घास बोटानं गोळा केला. “अंदाज बरोबर निघाला आमचा.”

गृहस्थांनी चिखलाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि सायकल पुढं ढकलली. मी कढईत डोकावले. अजून एकेका वाटीपुरती भाजी शिल्लक होती.